प्रकल्प नोंदी: ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या ऑडिटचा अहवाल

इमारत १९८६ ची. खाली पार्किंग, वर चार मजले, आरसीसी. ३० वर्षं उलटल्यामुळे महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ खाली स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक. तपासण्या साइट टीमने केल्या, गणितं आमच्या ऑफिसचे सर करतील, अहवाल लिहिण्याचं काम माझ्याकडे.

६ मे २०२४

साइटवरचं काम आटोपलं. टेबलावर ढीग: रिबाउंड हॅमरचे तक्ते (पृष्ठभागावर ठोकून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज), पल्स व्हेलॉसिटीची रीडिंग (काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात), हाफ-सेल (विद्युत दाबावरून सळई गंजण्याची शक्यता), कार्बोनेशनची मापं (हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये किती खोल शिरला; तो सळईपर्यंत पोचला की तिचं गंजापासूनचं संरक्षण जातं), फोटोंचा एक फोल्डर. कोअरचे, म्हणजे कॉलममधून कापून काढलेल्या काँक्रीटच्या नमुन्यांचे, निकाल लॅबकडून यायचेत.

लिहायला बसण्याआधी एक पत्र गेलं. पार्किंगमधल्या तीन कॉलमचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) हाताने सुटतंय, तिथे आठवड्याच्या आत टेकू द्या, गाड्या हलवा. एक पान, की-प्लॅनवर (कुठला कॉलम कुठे ते दाखवणारा नकाशा) तीन लाल गोल. तातडीची गोष्ट अहवालात घालून ठेवली की अहवालाबरोबर तीही महिनाभर पडून राहते, म्हणून ती वेगळी काढली.

सोसायटीच्या सचिवांनी काही वर्षांपूर्वीचा दुसऱ्या एका सल्लागाराचा अहवाल आणून दिला. स्पायरल बाइंडिंग, जाडजूड. पहिली तीसेक पानं काँक्रीट म्हणजे काय, गंज कसा चढतो, हॅमर कसा काम करतो. मग तक्ते. शेवटी दीड पान शिफारशी, त्यातली पहिली: ‘सर्व बाधित भागांची योग्य ती दुरुस्ती करावी.’ सचिव म्हणाले, “मॅडम, एवढं वाचलं, पण यात आमची बिल्डिंग कुठे आहे ते काही सापडलं नाही.” सोसायटीने त्या अहवालाचं काहीच केलं नाही, यात सोसायटीचा फार दोष आहे असं मला वाटत नाही.

७ मे

वाचणारे कोण ते आधी कागदावर. कमिटी: पैसे किती, घरं रिकामी करायची का, कधीपर्यंत. पालिकेचे अभियंता: वर्ग (इमारत किती धोकादायक त्याची श्रेणी) कोणता, सही-परवाना क्रमांक आहे का, वर्गाला आधार काय. ठेकेदार: कुठे, किती, कशाने. चौथा वाचक नेहमी विसरला जातो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं. म्हणजे २०२७ मध्ये कुणीतरी इंजिनीअर हाच अहवाल हातात घेऊन त्याच कॉलमसमोर उभा राहील. ‘मागच्या वेळी इथे किती होतं?’ याचं उत्तर त्याला मिळालं पाहिजे.

पहिल्या तिघांना पूर्ण अहवाल वाचायचा नसतो. त्यांना आपापलं पान हवं असतं.

८ मे

आराखड्यावर सरांशी तासभर वाद.

आमच्या ऑफिसचा साचा ठरलेला: प्रस्तावना, पद्धती, मग तपासणीवार प्रकरणं, निष्कर्ष, शिफारशी, परिशिष्टं. लिहिणाऱ्याला सोयीचा, कारण साइटवर काम त्याच क्रमाने होतं. हॅमरवाला एक दिवस येतो, हाफ-सेलवाला दुसऱ्या दिवशी. पण कॉलमला आपण किती तपासण्यांतून गेलो हे ठाऊक नसतं. तो एकच कॉलम असतो.

पार्किंगमधला बी-३ हा कॉलम घेऊन दाखवलं. साच्याप्रमाणे गेलं तर हॅमरच्या प्रकरणात बी-३ समोर ताकद १६ एन (न्यूटन) प्रति चौ.मिमी येईल. जुन्या ड्रॉइंगवर काँक्रीट एम-१५ लिहिलंय, म्हणजे अपेक्षित ताकद १५. म्हणजे शेरा: समाधानकारक. नऊ पानं पुढे कार्बोनेशन: कव्हर २५ मिमी, कार्बोनेशन ३८ मिमी. आणखी सहा पानांनी हाफ-सेल: उणे ४१० मिलिव्होल्ट (आकडा जितका जास्त उणे, तितकी गंजाची शक्यता जास्त).

आता हे तीन आकडे शेजारी ठेवा. कार्बोनेशनने काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर पृष्ठभागच ठोकतो. भारतीय मानक आयएस १३३११ च्या दुसऱ्या भागात स्पष्ट म्हटलंय की कार्बोनेटेड काँक्रीटमध्ये ताकद जास्त दिसते, टोकाच्या स्थितीत ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ज्या कारणाने सळईचं संरक्षण गेलं, त्याच कारणाने हॅमरचा आकडा चांगला दिसतोय. ‘समाधानकारक’ हा शेरा त्या प्रकरणापुरता खरा आणि बी-३ बद्दल खोटा. पंधरा पानांच्या अंतरावर ठेवलेले दोन आकडे वाचक जोडत नाही. ते जोडणं आपलं काम, त्यासाठीच फी घेतो.

सरांचा मुद्दा: पालिकेला तपासणीवार तक्ते बघायची सवय आहे, ते नाही दिसले तर फाइल परत येते. हेही खरं. तोडगा: मुख्य अहवाल घटकवार. प्रत्येक कॉलम-बीमला एक ओळ, त्या ओळीत सगळ्या तपासण्या आडव्या, शेवटी शेरा आणि दुरुस्तीचा प्रकार. तपासणीवार कच्चे तक्ते परिशिष्टात, पूर्ण, एकही रीडिंग न गाळता.

१० मे

नावांचा गोंधळ निस्तरला. तोच कॉलम जुन्या ड्रॉइंगवर सी-११, साइटवर खडूने ९, पल्स व्हेलॉसिटीच्या शीटवर ‘जिन्याजवळचा’. एकच की-प्लॅन केला, आडव्या रेषांना अक्षरं, उभ्यांना आकडे. कॉलम म्हणजे अक्षर-आकडा, बीम म्हणजे दोन कॉलमची जोडी आणि मजला. जुनी नावं एका रूपांतर तक्त्यात. फोटोंच्या फाइलनाही हीच नावं. की-प्लॅन पान ३ वर आणि मागच्या कव्हरच्या आतही, उलगडून बाहेर ठेवता येईल असा. वाचणाऱ्याला पान उलटं-सुलटं करत बसायला लागू नये.

कंटाळवाणं काम आहे, दिवस गेला. पण हे आधी केलं नाही तर पुढचं काहीच भरवशाचं राहत नाही.

१३ मे

कोअर आले. पार्किंगच्या कॉलममधले तीन, क्यूबच्या (चाचणीच्या चौकोनी ठोकळ्याच्या) तुलनेत आणलेली ताकद, एन प्रति चौ.मिमी मध्ये: डी-२ मध्ये १४.२, ए-३ मध्ये १२.६, बी-३ मध्ये १०.८.

बी-३ ला हॅमर १६ म्हणत होता. आठ तारखेचा वाद इथे मिटला.

आता हे लिहायचं कसं? आयएस ४५६:२००० प्रमाणे तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी, एकही कोअर ७५ च्या खाली नको. एम-१५ साठी १२.७५ आणि ११.२५. आपली सरासरी १२.५, आणि बी-३ एकटा खाली. ज्युनिअरने मसुद्यात ‘कोअर चाचणीत इमारत नापास’ असं लिहिलं होतं. ते काढलं. एक तर ही कसोटी नवीन काँक्रीट स्वीकारायचं की नाही यासाठी आहे; ३८ वर्षांच्या इमारतीला आपण ती मोजपट्टी म्हणून लावतोय, हे लिहायलाच हवं. दुसरं, तीन कॉलममधल्या कोअरवरून अख्ख्या इमारतीचा निकाल लागत नाही. आणि तुलना एम-१५ शीच. आरसीसीसाठी किमान एम-२० ची अट २००० च्या आवृत्तीत आली. १९८६ च्या इमारतीला ती न पाळल्याचा दोष कसा देणार? मागच्या अहवालात नेमकं तेच केलंय, आणि त्यामुळे धडधाकट कॉलमही ‘अपुरे’च्या यादीत गेलेत.

दशांश. हॅमरच्या सॉफ्टवेअरने १६.३७, २१.८४ असे आकडे काढलेत. त्याच आयएस १३३११ मध्ये हॅमरवरून काढलेल्या ताकदीची अचूकता अधिक-उणे २५ टक्के दिलीय. म्हणजे १६.३७ चा अर्थ १२ ते २० मध्ये कुठेतरी. दशांशानंतरचे दोन आकडे नुसता रुबाब आहे. हॅमर पूर्णांकात, कोअर एका दशांशात, कार्बोनेशन मिलिमीटरमध्ये, हाफ-सेल दहाच्या पटीत. परिशिष्टातल्या कच्च्या रीडिंगला हात लावलेला नाही.

१६ मे

फोटो. शेकड्यांनी आहेत, बहुतेक एकाच भेगेचे. ठेवायचा नियम: फोटो ज्या वाक्याला पुरावा आहे ते वाक्य अहवालात असलं पाहिजे, नाहीतर फोटो बाहेर. प्रत्येकाखाली घटकाचं नाव, मजला, कुठल्या बाजूने घेतला. आकाराचा अंदाज यावा म्हणून टेप किंवा व्हर्निअर चौकटीत असलेलेच निवडले. बी-३ च्या उघड्या सळईवर व्हर्निअर लावलेला फोटो उत्तम आलाय: मूळ १६ मिमीची सळई, आता १४.२. छेद साधारण २१ टक्क्यांनी कमी झाला. हा फोटो अहवालाच्या मुख्य भागात, अर्धं पान.

२० मे

मतदान. ऑफिस बंद. बोटाला शाई लावून आले आणि दुपारी घरी शांतपणे सारांश लिहिला.

सारांश शेवटी लिहायचा पण अहवालात पहिला ठेवायचा, हे सगळे सांगतात. कठीण भाग वेगळाच आहे: आपल्याला किती खात्री आहे ते न घाबरता आणि न फुगवता सांगणं. ज्युनिअरचं वाक्य असं होतं:

‘तळमजल्यावरील काही कॉलममध्ये गंजप्रक्रिया सुरू असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी योग्य ती उपाययोजना करणे इष्ट ठरेल.’

या वाक्यावर कुणी काहीच करू शकत नाही. किती कॉलम? कुठले? कुणी करायचं? आणि ‘नाकारता येत नाही’ म्हणजे पाहिलं की नाही पाहिलं? सगळ्यांवर एकच धुकं पसरलंय. प्रत्यक्षात आपली माहिती तीन प्रकारची आहे. ए-३, बी-३, बी-४ उघडून सळई डोळ्यांनी पाहिली. आणखी चार कॉलमवर हाफ-सेल उणे ३५० च्या पलीकडे गेला, म्हणजे अमेरिकी मानक एएसटीएम सी-८७६ च्या निकषाने गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, पण तिथे आपण फोडून पाहिलेलं नाही. आणि पाया: तिथे आपण काहीच केलेलं नाही. आता वाक्य असं:

‘पार्किंगमधील १८ पैकी ३ कॉलममध्ये (ए-३, बी-३, बी-४) सळया गंजलेल्या प्रत्यक्ष पाहिल्या, छेद सर्वाधिक बी-३ मध्ये, सुमारे २१ टक्के घटला आहे. आणखी ४ कॉलममध्ये (ए-४, बी-२, सी-३, सी-४) मोजमापावरून गंज चालू असल्याचे दिसते. दुरुस्तीच्या वेळी ते उघडून खात्री करावी. पाया उघडून पाहिलेला नाही.’

पाहिलं, मोजलं, अंदाज केला. अख्ख्या अहवालात क्रियापदं या तीन खणांत वाटून टाकली. घटकवार तक्त्यातही एक अरुंद रकाना वाढवला: ‘आधार’. त्यात फक्त प, मो किंवा अं. सरांना आधी हे शाळकरी वाटलं. मग त्यांनी स्वतःच स्लॅबच्या चार ओळींत ‘प’ खोडून ‘अं’ केलं.

२४ मे

वर्ग. खरा तणाव इथे.

पालिकेचे वर्ग चार (यातला ‘सी’ कॉलमच्या नावातला नव्हे): सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडणे. सी-२ए, रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी, रिकामी न करता दुरुस्ती. सी-३, किरकोळ. सोसायटीत दोन तट. काहींना रिडेव्हलपमेंटची घाई आहे, त्यांना सी-१ सोयीचा. काहींना एक रुपया खर्च नकोय, त्यांना सी-३. दोन्हीकडून फोन आले. अगदी गोड आवाजात.

अशा वेळी निष्कर्षाचं एकच वाक्य लिहून मोकळं होणं धोक्याचं. कुणीही म्हणणार की मॅडमना मॅनेज केलं. म्हणून ‘वर्ग कसा ठरला’ असं स्वतंत्र पान केलं. त्यात जो वर्ग दिला त्याची कारणं आहेतच, पण जे दिले नाहीत ते का नाहीत हेही आहे. सी-३ नाही: सरांच्या गणितात घटलेला छेद आणि कोअरची ताकद धरली तर बी-३ आणि ए-३ मध्ये हवी तेवढी सुरक्षितता उरत नाही, हे गणित परिशिष्टात आहे. सी-१ नाही: वरच्या चार मजल्यांचे कॉलम ठीक आहेत, नुकसान पार्किंगपुरतं आणि बाथरूमखालच्या बीमपुरतं आहे, इमारत कलल्याची किंवा पाया बसल्याची खूण नाही. सी-२ए आणि सी-२बी मध्ये खरी चर्चा झाली. टेकू दिलेले असतील आणि एका वेळी एकाच कॉलमचं जॅकेटिंग (भोवती नव्या काँक्रीटचं आवरण) होणार असेल तर घरं रिकामी करायची गरज नाही, पार्किंग मात्र बंद. म्हणून सी-२बी, अटींसह. शेवटची अट: उरलेले चार कॉलम उघडल्यावर कुठेही छेदाची घट बी-३ पेक्षा जास्त निघाली तर काम थांबवून वर्गाचा फेरविचार.

हे पान दोन्ही तटांना आवडणार नाही. त्यांना वाद घालायचा असेल तर निदान आकड्यांशी घालावा लागेल.

२८ मे

शिफारशी आणि परिमाणं. ठेकेदारासाठीचा भाग. ‘पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती’ एवढं लिहिलं की सगळीकडे वरवर मलमपट्टी होते. प्रत्येक प्रकाराला एक पायरीवार वर्णन: सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणे, सळई घासून साफ, घट ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर जोडसळई, गंजरोधक लेप, मग मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. दुरुस्तीचे प्रकार दु-१ ते दु-५, आणि घटकवार तक्त्यात तोच क्रमांक. बिल तपासताना सचिव बोट ठेवून विचारू शकतील, बी-३ ला दु-५ होतं, केलंत का?

क्रमही लिहिला: टेकू, गळती बंद, कॉलम, बीम, स्लॅब, बाहेरचं प्लास्टर, रंग. हे सांगावं लागतं, कारण रंग सगळ्यांना दिसतो म्हणून तो आधी सुरू होतो. बाथरूमची गळती न थांबवता खालचा बीम दुरुस्त करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

३१ मे

मसुदा आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना दिला. इंजिनीअर नाहीत, पण स्वतः डोंबिवलीच्या एका सोसायटीत खजिनदार आहेत. प्रश्न दिले: घरं रिकामी करायची का? पावसाआधी काय करायचं? तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या बाथरूमखाली काय आहे? कुठे तपासणी झाली नाही? मी शेजारी बसून नुसती बघत होते, काही सांगितलं नाही.

पहिली दोन उत्तरं सारांशातच मिळाली. तिसऱ्यासाठी की-प्लॅनवरून तक्त्यात गेल्या, थोड्या अडखळल्या, कारण तक्ता घटकाच्या नावाने लावलेला आणि त्यांच्या डोक्यात फ्लॅट नंबर. फ्लॅट नंबरवरून घटक शोधायचा छोटा तक्ता वाढवला. चौथ्याला मात्र त्या थेट शेवटी गेल्या, ‘मर्यादा’ या बारीक टायपातल्या परिच्छेदाकडे, आणि म्हणाल्या, “हे तर तुम्ही लपवल्यासारखं ठेवलंय.” ऑफिसच्या साच्यात ते कायम तिथेच असतं. उचलून सारांशाच्या लगेच खाली आणलं, साध्या टायपात: दोन फ्लॅट बंद होते, पाया उघडला नाही, पाण्याची टाकी भरलेली असल्यामुळे आतून पाहिली नाही.

शीर्षकंही बदलली. ‘निरीक्षणे’ खाली काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. ‘पार्किंगमधील सात कॉलमना दुरुस्ती हवी’ हे शीर्षक नुसतं अनुक्रमणिकेत वाचलं तरी कळतं. अनुक्रमणिका आता अर्धा सारांशच झालीय.

३ जून

मानकांची उजळणी. साच्यात अजून आयएस १३३११ चे दोन्ही भाग. त्यांची जागा आयएस ५१६ च्या पाचव्या भागातल्या विभागांनी घेतलीय, पल्स व्हेलॉसिटीसाठी २०१८ चा, हॅमरसाठी २०२० चा. मुख्य संदर्भ नवे केले. जिथे मी १९९२ चा मजकूर आधार म्हणून घेतलाय तिथे वर्षासकट तसं नमूद केलं. पालिकेत फाइल यावर अडू शकते, आणि अडली तर त्यांचं बरोबरच असेल.

बाकी झाडलोट: तक्ता क्रमांक, पान क्रमांक, सह्या, इक्विपमेंटच्या कॅलिब्रेशनच्या तारखा.

कमिटीसाठी मराठीत दोन पानं वेगळी केली. पूर्ण अहवाल इंग्रजीत आहे, पालिकेच्या आणि ठेकेदाराच्या सोयीने. पण ही दोन पानं भाषांतर म्हणून केली नाहीत. कमिटीचे प्रश्न एकेक घेऊन लिहिली.

६ जून

कमिटीसमोर सादर केला. प्रोजेक्टर नेला नाही, छापील प्रती दिल्या. स्लाइडवर सगळे माझ्याकडे बघतात, कागदावर आपापल्या फ्लॅटकडे बघतात.

पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही, सगळे फ्लॅटचा तक्ता शोधत होते. मग रिडेव्हलपमेंटवाल्या काकांनी थेट ‘वर्ग कसा ठरला’ काढलं आणि विचारलं, की चार कॉलम उघडलेच नाहीत तर सी-२बी ठामपणे कसं म्हणता? चांगला प्रश्न. उत्तर त्याच पानाच्या शेवटच्या अटीत होतं, ते त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचलं. पटलं असं नाही. पण आता त्यांची मागणी ‘सी-१ द्या’ वरून ‘ते चार कॉलम आधी उघडा’ वर आलीय, आणि ती मलाही मान्य आहे. कामाच्या क्रमात तसा बदल करून सुधारित पान उद्या पाठवते, आवृत्ती १.१, तारखेसकट, काय बदललं त्याच्या एका ओळीसह.

टेकू बसलेत, पण बी-४ जवळचा एक थेट फरशीवर उभा आहे, खाली पाट नाही. पाऊस तोंडावर आहे, ठेकेदाराला फोन केलाय, उद्या सकाळी फोटो मागितला आहे.

उरलेलं: पालिकेकडे दोन प्रती, पोच घेणे. बंद असलेल्या दोन फ्लॅटपैकी एकाचे मालक पंधरा तारखेला गावाहून येतायत. तपासणी झाल्यावर पुरवणी पान. कच्च्या रीडिंगच्या फाइल सोसायटीच्या ईमेलवर, २०२७ वाल्यासाठी.